नौदलात राहून तलवारबाजी: कुठून सुरू करायची, कोणतं शस्त्र घ्यायचं आणि जहाजावर काय जमतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २२, घर सातारा जिल्ह्यात, नौदलात नौसैनिक म्हणून तिसरं वर्ष. सध्या मुंबईत जहाजावर, पुढच्या वर्षी किनाऱ्यावर बदलीची शक्यता. लहानपणी लाठीकाठी आणि थोडा दांडपट्टा शिकलेला, पण ऑलिम्पिकमधली तलवारबाजी फक्त मोबाईलवर पाहिलेली. नोकरीत राहून हा खेळ सुरू करता येईल का? कुणाला भेटायचं? कोणतं शस्त्र घ्यायचं? सेलिंगवर असताना सराव कसा टिकवायचा? आणि नौदलाच्या संघापर्यंत पोचता येईल का?

सुरू करता येईल. एपे (या खेळातल्या तीन शस्त्रांपैकी एक) घ्या, आणि किनाऱ्यावरची बदली हातात यायच्या आधीच तयारीला लागा. संघाच्या प्रश्नाचं उत्तर इतकं गोड नाही, ते पुढे येईल.

आधी नौदलात हा खेळ कुठे बसतो ते बघू. नौदलातल्या खेळांचा कारभार दिल्लीतलं भारतीय नौदल क्रीडा नियंत्रण मंडळ पाहतं. त्याच्या वर तिन्ही दलांचं मिळून सर्व्हिसेस स्पोर्ट्स कंट्रोल बोर्ड आहे. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र किंवा केरळ उतरतं, तसा ‘सर्व्हिसेस’ हा स्वतंत्र संघ उतरतो. नौदलाच्या क्रीडा कोट्याच्या भरतीच्या जाहिरातींत तलवारबाजीचं नाव आलेलं आहे. म्हणजे नौदलात तलवारबाज आहेत, पण त्यातले बरेचसे खेळाच्या जोरावरच आत आलेले, राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ पातळी गाठलेले असतात. त्यांच्या जोडीला सैन्य आहे. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये २००१ पासून ऑलिम्पिक खेळांची तयारी चालते आणि तलवारबाजी त्यात आहे. सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या ८ ते १४ वयाची मुलं घेतात. बाविसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याची गाठ पुढे या मुलांशी पडते, ज्यांच्या पायात दहा वर्षांचा सराव मुरलेला असतो. हे मनात ठेवून योजना करा.

पहिली भेट जहाजाच्या पीटीआयची, म्हणजे शारीरिक प्रशिक्षण देणाऱ्याची घ्या. पीटीआय मंडळी कोचीला प्रशिक्षण घेऊन येतात आणि कोणत्या बेसवर कोणता खेळ जिवंत आहे, याची त्यांना बारीक माहिती असते. ‘मला तलवारबाजी शिकायची आहे’ एवढंच म्हणू नका, त्याला ‘बघू’ हेच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: आपल्या कमांडमध्ये कोणत्या बेसच्या स्पोर्ट्स स्टोअरमध्ये मास्क आणि एपे आहेत, नौदलाच्या तलवारबाजी संघाचं शिबिर साधारण कोणत्या महिन्यात भरतं, आणि त्या संघाचा प्रशिक्षक किंवा मॅनेजर सध्या कुठे नेमणुकीवर आहे. ही उत्तरं हातात आली की डिव्हिजनल ऑफिसरकडे रिक्वेस्ट द्या. तिच्यात आठवड्याचे दिवस, वेळ आणि जागा लिहिलेली असावी. ‘दर मंगळवार, गुरुवार संध्याकाळी आणि रविवारी सकाळी, ड्यूटी वॉच सोडून’ अशी मागणी मंजूर करणं सोपं जातं. मोघम मागणी टेबलावर पडून राहते.

बेसवर कुणी शिकवणारं नसेल तर बाहेरचा क्लब शोधावा लागेल. त्यासाठी जिल्हा तलवारबाजी संघटनेला गाठा. तिथे एक खबरदारी घ्यायची. सरावाला जाणं वेगळं आणि संघटनेचा खेळाडू म्हणून नोंदणी करणं वेगळं. क्लबमध्ये उत्साहाच्या भरात जिल्ह्याचा खेळाडू म्हणून फॉर्म भरला जातो आणि पुढे सर्व्हिसेसकडून खेळायची वेळ आली की दोन नोंदण्यांचा घोळ निस्तरत बसावं लागतं. कुठेही सही करण्याआधी युनिटची लेखी परवानगी घ्या. परवानगीचा दुसरा उपयोग दुखापतीच्या वेळी होतो. न सांगता बाहेर खेळताना गुडघा गेला, तर ती दुखापत सेवेशी संबंधित मानायची की नाही यावर कागद फिरत राहतात, आणि तो काळ कुणालाच सुखाचा नसतो.

बदलीची पसंती लिहिताना खेळाचा विचार जरूर करा, पण नुसत्या आवडीवर मानखुर्दचं कॅब्स (नौसैनिकांच्या बदल्या ठरवणारं कार्यालय) हवी ती जागा देईल अशी आशा धरू नका. संघाकडूनच नाव मागितलं गेलं तर गोष्ट वेगळी. तोवर जी जागा मिळेल तिथून रस्ता काढायचा. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या प्रशिक्षण तळावर गेलात तर पुणे साधारण ६५ किलोमीटर, लोकल थेट जाते, रविवारचा सराव जमतो. मुंबईत बेसवर असाल तर अंतरापेक्षा लोकलची गर्दी जास्त नडते, कारण तलवारबाजीची बॅग सव्वा मीटरच्या आसपास लांब असते. ती क्लबमध्येच ठेवण्याची सोय आधी बघा. केरळात एळिमलाच्या नौदल अकादमीत नेमणूक झाली तर नशीबवान समजा. त्याच कण्णूर जिल्ह्यात तलश्शेरी आहे आणि तिथल्या साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रात भवानी देवीनं सराव केला होता. टोकियो ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. सेबर हे तिचं शस्त्र. पहिली लढत १५-३ अशी जिंकली आणि दुसरी फ्रान्सच्या मानोन ब्रुनेशी ७-१५ हरली. सुट्टीवर घरी असताना कुठे हात साफ करायचा असेल तर महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर हे या खेळाचं जुनं, भक्कम केंद्र आहे.

आता शस्त्र. तीन आहेत: फॉईल, एपे, सेबर. फॉईलमध्ये फक्त धडावर टोक लागलं तर गुण. सेबरमध्ये कमरेच्या वर कुठेही, टोकानं किंवा पात्यानं. या दोन्हींत हल्ल्याचा हक्क कुणाचा हे पंच ठरवतो आणि दोघांचे (शस्त्र लागल्याचं दाखवणारे) दिवे लागले तरी गुण फार तर एकालाच मिळतो. एपेमध्ये डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळं अंग लक्ष्य असतं, आणि ज्याचं टोक आधी लागलं त्याला गुण. साधारण एक पंचविसांश सेकंदाच्या आत दोघांचीही टोकं लागली तर दोघांना गुण.

नौदलातल्या माणसाला एपे घ्या असं सांगण्याची कारणं सरळ आहेत. एक, फॉईल आणि सेबरला अंगावर धातूच्या धाग्यांचं लामे जाकीट लागतं. एपेला लागत नाही. खर्च कमी, आणि खाऱ्या हवेत सगळ्यात आधी खराब होणारी वस्तूच वगळली जाते. दोन, हल्ल्याच्या हक्काचं गणित डोक्यात बसायला चांगला पंच आणि रोजच्या लढती लागतात. चार महिने समुद्रावर आणि दोन महिने किनाऱ्यावर अशा आयुष्यात ते बसत नाही. एपेमध्ये दिवा लागला की लागला, त्यामुळे दोघंच असलात तरी पंचाशिवाय नीट खेळता येतं. तीन, उशिरा सुरू करणाऱ्याला संयम आणि अंतराचा अंदाज यांवर एपेमध्ये निभावून नेता येतं. सेबरमध्ये लहानपणापासूनच्या पायांच्या वेगापुढे काही चालत नाही. अमेरिकन नौदलातला लेफ्टनंट जॉर्ज कॅलनन ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत तलवारबाजी शिकला आणि १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये एपेचं वैयक्तिक कांस्यपदक घेऊन आला. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये सर्व खेळाडूंतर्फे शपथ त्यानंच घेतली आणि १९३३ च्या एप्रिलमध्ये ‘ॲक्रन’ या नौदलाच्या हवाई जहाजाच्या अपघातात गेला. नोकरी सांभाळून एपे खेळणं ही काही नवी टूम नाही.

एक गैरसमज काढून टाकतो. परेडवर अधिकारी जी तलवार धरतात तिचा या खेळाशी संबंध नाही. आणि लष्करी खेळांत नेव्हल पेंटॅथलॉन नावाचा जो प्रकार आहे, त्यातही तलवारबाजी नाही. त्यात अडथळा शर्यत, पोहण्याचे दोन प्रकार, सीमनशिप आणि क्रॉस कंट्री असतं. तलवारबाजी असते ती मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, आणि तीही एपेच.

लाठीकाठी आणि पट्ट्याचा उपयोग होईल का? नजर आणि खांद्याचा दम, हो. हाताच्या सवयी मात्र आड येतील. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत आलेल्या लोखंडी खोळीत असते, मनगट त्यात बंद, आणि वार खांद्यातून गोल फिरून येतो. एपेमध्ये सगळं काम अंगठा आणि तर्जनी करतात, बाकीची तीन बोटं फक्त आधार देतात. खांदा हलला की समोरच्याला तुमचा वार सुरू व्हायच्या आधीच कळतो, आणि हात बाजूला गेला की तुमचा पुढचा हात उघडा पडतो, जे एपेमधलं सगळ्यात जवळचं लक्ष्य आहे. पट्टा फिरवताना तुम्ही गिरकी घेता. इथे प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरवली तर पिवळं कार्ड मिळतं. खेळ सगळा १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद पट्टीवर, पुढे-मागे.

उभं राहणं शिकायला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन्ही टाचा एकाच रेषेवर, पावलं काटकोनात, पुढचं पाऊल समोर. टाचांमध्ये आपल्याच पावलाच्या दीडपट अंतर. गुडघे वाकलेले आणि पुढचा गुडघा पावलाच्या वरच. वजन मधोमध. कोपर बरगडीपासून एक वीतभर पुढे, हात गार्डच्या मागे लपलेला. गार्ड म्हणजे शस्त्राची वाटी. समोरून बघितलं तर तिच्यामागे मनगट आणि कोपर दोन्ही झाकलेली दिसली पाहिजेत. कोपर दोन बोटं बाहेर आलं तरी पुरे, चांगला एपेवाला तिथेच टोक लावतो. आरशासमोर नाही, दुसऱ्या कुणाला तरी समोर उभं करून हे तपासा, कारण आरशात आपलं बघताना मान सरकते आणि मानेबरोबर कोपर.

परेडची सवय झालेल्या शरीराची इथे एक खास अडचण होते. छाती ताठ, गुडघे आत कुलूप लावल्यासारखे, खांदे मागे. वाकलेल्या गुडघ्यावर तीन मिनिटं राहणं सुरुवातीला पायाच्या पुढच्या स्नायूंना असह्य होतं आणि माणूस नकळत उंच होत जातो. उंच झाला की पुढे जाण्याआधी त्याला एकदा खाली बसावं लागतं, आणि ते बसणंच समोरच्याला इशारा देतं. पहिले सहा आठवडे, गुडघे वाकवून उभं असताना डोकं जिथे येतं त्याच्या किंचित वर, दोन भिंतींमध्ये एक दोरी बांधा आणि तिच्याखाली पुढे-मागे चाला. डोकं दोरीला लागलं की तुम्ही उठलात.

लंजमध्ये, म्हणजे पुढे झेपावून केलेल्या हल्ल्यात, क्रम महत्त्वाचा. आधी हात सरळ, मग पुढच्या पायाची बोटं उचलली जातात, पाऊल जमिनीलगत पुढे जातं, आणि मागचा पाय झटक्यात सरळ होतो. मागचं पाऊल जमिनीवर सपाट राहतं. पाय हाताच्या आधी गेला तर तुम्ही शरीर आणि दंड समोरच्याच्या टोकावर नेऊन ठेवता; नवशिके जे गुण गमावतात त्यांतला मोठा वाटा या एका चुकीचा. दुसरी चूक गुडघ्याची: पुढचा गुडघा अंगठ्याच्या दिशेनं आत कोसळतो. एकदोनदा काही होत नाही, पण आठवड्याला तीनचारशे लंज या पद्धतीनं मारले की दोन महिन्यांत गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं सुरू होतं आणि जहाजाच्या शिड्या चढता-उतरताना ते जाणवायला लागतं. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. आणि हा खेळ एकांगी आहे, त्यामुळे सरावाच्या शेवटी उलट्या पायावर वीसेक लंज हळू मारा, नाहीतर वर्षभरात दोन मांड्यांच्या ताकदीत फरक पडतो.

किनाऱ्यावर असताना आठवड्याला तीन दिवस, दीड-दीड तास पुरे. पंधरा मिनिटं अंग मोकळं करणं, वीस मिनिटं पायांचं काम, वीसेक मिनिटं जोडीनं ठरलेले डाव, आणि उरलेला वेळ पाच-पाच गुणांच्या लढती. डावांत सुरुवातीचे तीन महिने तीनच गोष्टी करा: सरळ हातानं मनगटावर टोक लावणं, चार आणि सहा नंबरची पॅरी (समोरचं पातं अडवणं), आणि पॅरीनंतर समोरचं पातं न सोडता रिपोस्ट, म्हणजे उलटा वार. बाकी झगझगीत प्रकार मोबाईलवर छान दिसतात, पण लढतीत गुण याच तीन गोष्टींतून येतात. मुठीच्या दोन तऱ्हा आहेत, सरळ फ्रेंच आणि बोटांच्या आकाराची पिस्तुल. पहिलं वर्ष पिस्तुल मूठ घ्या, पकड सुटत नाही. मापात मात्र हलगर्जी नको. मोठी मूठ घेतली की बोटं काम सोडतात आणि पुन्हा खांदा सुरू होतो.

आता समुद्र. सेलिंगवर पूर्ण तलवारबाजी करायला जाऊ नका. फ्लाईट डेकवरचा खरखरीत रंग बुटाचे तळवे खातो आणि त्यावर पाय सरकत नाही. मागचा पाय अडकून घोटा मुरगळतो. हँगर रिकामं मिळालं तरी जहाज डुलत असताना लंज मारला की जमीन तुमच्या गुडघ्याकडे येते किंवा त्याच्यापासून दूर जाते, आणि अंतराचा जो अंदाज किनाऱ्यावर कमावला तो बिघडतो. सेलिंगवर तीनच कामं ठेवा.

पहिलं, पायांचं काम. चार-पाच मीटर मोकळी जागा पुरते. समुद्र शांत असेल तेव्हा फक्त पुढे-मागे चालणं, लंज नाही. हातात शस्त्राऐवजी लाकडी दांडी चालते. भवानी देवीनंही सुरुवात बांबूच्या काठ्यांवरच केली होती. दुसरं, टोकाचा नेम. भिंतीला मनगटाच्या उंचीवर वीतभर चौकोनी रबराची गादी लावा, तिच्यावर पाच सेंटिमीटरचं वर्तुळ काढा आणि जागेवरून हात सरळ करून पन्नास वेळा टोक लावा. पन्नासपैकी चाळीस आत लागले की एक पाऊल मागे जा. त्याहून चांगलं म्हणजे टेनिसचा चेंडू दोरीनं टांगणं. किनाऱ्यावर तो हलवावा लागतो, जहाजावर समुद्रच हलवतो. तिसरं, दम. एपेच्या बादफेरीची लढत १५ गुणांची, तीन-तीन मिनिटांचे तीन भाग आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती. दोरीवरच्या उड्या नेमक्या याच मापात मारा. मिडल वॉच (मध्यरात्रीनंतरची ड्यूटी) करून आल्यावर काही करू नका. झोप न झालेल्या पायानं पोटरी धरते, आणि जहाजावर पोटरी धरलेला माणूस कुणालाच नको असतो.

सरावासाठी सोन्यासारखा काळ म्हणजे रिफिट, जहाजाची मोठी दुरुस्ती. जहाज गोदीत महिनोन्‌महिने उभं असतं, संध्याकाळी बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात आणि शहर हाताशी असतं. बदलीची वाट बघण्यापेक्षा रिफिटचे महिने क्लबला द्या.

शस्त्र जहाजावर न्यायचं असेल तर आधी सांगून, स्पोर्ट्स स्टोअरमध्ये नोंद करून. मेसडेकवर बंकखाली मीटरभराचं पोलादी पातं सापडलं तर ते खेळाचं आहे हे समजावण्यात दिवस जातो. विमानानं जाताना बॅग चेक-इनमध्येच.

सामानात पहिला खर्च मास्कवर. जाळी १२ किलोच्या दाबयंत्राची चाचणी सोसणारी हवी. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा मास्क १६०० न्यूटनच्या (भोसकण्याचा किती जोर सोसतो त्याचं माप) प्रतीचा आणि कपडे ८०० न्यूटनच्या प्रतीचे लागतात. क्लबच्या सरावाला ३५० न्यूटनचं जाकीट चालतं, पण त्याच्या आत शस्त्राच्या हाताच्या बाजूला प्लॅस्ट्रॉन (आत घालायचं अर्धं जाकीट) हवाच, आणि तो मात्र ८०० चाच घ्या. १९८२ ला रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव याच्या मास्कमधून तुटलेलं पातं आत गेलं आणि तो वाचला नाही. आजचे बरेचसे कडक नियम त्यानंतरचे. म्हणून पातं तुटलं की डाव तिथेच थांबवायचा, आणि मास्कशिवाय ‘फक्त हळू हळू’ असं कधीच नाही. महिलांना छातीचं कडक कवच सक्तीचं आहे. बूट सुरुवातीला बॅडमिंटनचे चालतात, मोजे गुडघ्यापर्यंत.

एपेचं पातं जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर, पूर्ण शस्त्र ११० सेंटिमीटर, वजन ७७० ग्रॅमच्या आत. स्पर्धेला दोन चालू शस्त्रं आणि दोन बॉडी कॉर्ड (शस्त्राच्या सॉकेटला जोडून बाहीतून पाठीमागे नेलेली तार) घेऊन उतरायचं असतं.

खाऱ्या हवेचा परिणाम इथे सगळ्यात जास्त दिसतो, आणि किनाऱ्यापासून दूरचे प्रशिक्षक याबद्दल फारसं बोलत नाहीत. एपेच्या टोकात दोन स्प्रिंगा असतात. एक दाबाची, जिनं ७५० ग्रॅमचं वजन उचलून धरलं पाहिजे. दुसरी बारीक, संपर्काची. टोक दाबलं की पात्याच्या खाचेत चिकटवलेल्या दोन तारा जुळतात आणि दिवा लागतो. टोक वर राहतं ते दोन अगदी लहान स्क्रूंवर. समुद्रावर यातल्या प्रत्येक जागी गंज किंवा मिठाची पुटी धरते. खेळ झाल्यावर पातं कोरड्या फडक्यानं पुसा, अगदी पातळ मशीन तेलाचा हात द्या, पण टोकापासून दोन बोटं आधी थांबा. तेल टोकात गेलं की धूळ धरतं आणि संपर्क तुटतो. ओला हातमोजा आणि शस्त्र एकाच बॅगेत ठेवू नका. सकाळी उघडाल तेव्हा पातं तांबूस झालेलं असतं. सुट्या भागांत दहा टोकाचे स्क्रू, चार संपर्काच्या स्प्रिंगा आणि दोन दाबाच्या ठेवा. बंदरात सगळं मिळेल, पण हे नाही.

बिघाड शोधायला जहाजावरचा मल्टिमीटर पुरतो. सॉकेटवर तीन पिना असतात. एकमेकींजवळच्या दोन टोकाच्या तारांच्या, त्यांच्यापासून जरा लांब असलेली गार्डची. टोक दाबून जवळच्या दोघींत मोजलं तर २ ओहमच्या आत यायला हवं. टोक न दाबताच जोडणी दाखवली तर टोकात कचरा आहे किंवा संपर्काची स्प्रिंग जास्त लांब आहे. दाबूनही काही नाही तर तार तुटलीय किंवा स्प्रिंग बसलीय. पातं वाकवल्यावरच येत-जात असेल तर गोंदाखाली तार चिरलेली आहे. ती नवी घालण्याशिवाय इलाज नाही. आणि गार्डवर टोक लागूनही दिवा लागतो अशी तक्रार आली तर तिसऱ्या पिनेच्या बाजूला बघा. वाटी आणि सॉकेट यांच्यामध्ये गंज बसला की गार्डची अर्थिंग जाते. वाटी सोडवून आतली बाजू बारीक पॉलिश पेपरनं घासली की बहुतेक वेळा काम होतं. बॉडी कॉर्डच्या प्रत्येक तारेचा रोध १ ओहमच्या आत हवा. त्या नेहमी प्लगच्या तोंडाशी तुटतात, मधे नाही.

पंच टोकाची तपासणी दोन पट्ट्यांनी करतात. दीड मिलिमीटरची पट्टी टोकाखाली जायला हवी, आणि अर्ध्या मिलिमीटरची घालून दाबलं तर दिवा लागायला नको. दुसऱ्या चाचणीत नापास होण्याचं कारण बहुतेक वेळा लांब राहिलेली संपर्काची स्प्रिंग असतं. अर्धा वेढा आवळला की काम होतं, जास्त आवळलात तर दिवाच लागणार नाही.

आता संघाचा प्रश्न. नियमित सराव झाला तर सहा महिन्यांत लढत म्हणावी अशी लढत होईल, वर्षभरात खुल्या स्पर्धेत उतरायला हरकत नाही. नौदलाच्या शिबिरात चाचणी देण्यासारखी तयारी व्हायला दोन ते तीन वर्षं धरा, तीही अर्धा काळ किनाऱ्यावर मिळाला तर. सेनादलांतर्गत स्पर्धांत साधारणपणे सैन्याचे लाल आणि हिरवा असे दोन संघ, नौदल आणि वायुदल असे चार उतरतात. तिथे नौदलाच्या एपे संघात राखीव म्हणून नाव लागणं हे अवघड पण शक्य कोटीतलं उद्दिष्ट आहे. त्यापुढे सर्व्हिसेसच्या संघात जाणं बाविसाव्या वर्षी सुरू करणाऱ्यासाठी अपवादानंच घडतं, आणि कुणी तसं आश्वासन देत असेल तर त्याच्याकडे संशयानं बघा. नौसैनिक मुलींचं गणित थोडं वेगळं आहे. नौदलात महिला अग्निवीरांची पहिली तुकडी आयएनएस चिल्कावरून बाहेर पडली ती २८ मार्च २०२३ ला. संख्या अजून कमी, त्यामुळे महिला एपेमध्ये मेहनती नवशिकीला जागा लवकर मिळू शकते.

ज्याचं पोहणं आणि धावणं चांगलं आहे त्यानं मॉडर्न पेंटॅथलॉनकडेही बघावं. १९१२ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या या खेळात पॅरिसपर्यंत घोडेस्वारी होती, आता तिच्या जागी अडथळे आलेत. घोडा मिळवणं हा आपल्याकडे मोठा अडसर होता, तो गेला. यातल्या एपेच्या लढती एका गुणाच्या असतात. पंधरा गुणांच्या लढतीत अनुभवी माणूस नवख्याला वाचून काढतो. एका गुणात शांत डोक्याचा नवखाही त्याला गाठतो. नौदलात वेगानं पोहणारे पुष्कळ आहेत, एपे येणारे थोडे.

आणि खेळण्याखेरीजचं एक काम, ज्याकडे कुणी सहसा जात नाही: आर्मरर. स्पर्धेत शस्त्रं तपासणारा, तारा बदलणारा, तारेची रीळ आणि दिव्यांच्या पेट्या चालू ठेवणारा माणूस प्रत्येक संघाला लागतो आणि क्वचितच मिळतो. इलेक्ट्रिकल शाखेतला नौसैनिक सोल्डरिंग आणि मल्टिमीटर हातात घेऊनच मोठा झालेला असतो. त्यानं एका मोसमात एपेची तार बदलायला शिकून घेतली तर शिबिराला त्याला स्वतःहून बोलावतात, आणि तिथे संध्याकाळी लढायला संघातलेच तलवारबाज मिळतात. पंचाची परीक्षा हा दुसरा रस्ता. पुढे शिकवायचंच ठरलं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका आहे, पण त्याआधी चार-पाच वर्षं पट्टीवर घालवलेली असावीत.

क्लबमध्ये पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊन जाऊ नका. लांब ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा जाड टी-शर्ट, स्वच्छ तळव्याचे बूट आणि पाण्याची बाटली एवढंच न्या. मास्क आणि एपे क्लब देतो. महिनाभर टिकलात तर हातमोजा आणि मास्क स्वतःचे घ्या, जाकीट आणि प्लॅस्ट्रॉन तिसऱ्या महिन्यात, आणि विजेचं शस्त्र त्यानंतर, तेही प्रशिक्षकानं मुठीचं माप बघून सांगितल्यावर.